जातं कामावर गेलं आहे

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त वेळा कोणी हाकललं असंल, तर ते साहेबांनी. बायकोचा नंबर दुसरा, आणि ती अजून प्रयत्नात हाय.

साहेब म्हणजे आमच्या एसटी स्टँडचे कंट्रोलर. गाव आमचं गोदावरीच्या काठी, ना खेडं ना शहर. देवळ्याची गाडी थांबते, नांदगावची थांबते, बाकीच्या गाड्या ड्रायव्हरच्या मनावर. त्या टायमाला माझ्याकडं काळी-पिवळी जीप होती आणि माझा धंदा म्हणजे एसटीचे प्रवासी पळवणं. शाळा चौथीतच सुटली. मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, यावर घरात दोन मतं हायेत. पण ‘नाशिक-नाशिक-नाशिक’ ओरडायला शिक्षण लागत नाय. मी फाटकात उभा राहून ओरडायला लागलो की आतून माईक चालू व्हायचा, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या गाडीला ब्रेक नाहीत."

मी पळत आत. "साहेब, धंद्यावर पाय देता का? ब्रेक हाय माझ्या गाडीला!"

"शेवटचा कधी लागला होता?"

आता खरं सांगायचं तर ब्रेक होता, पण तो माझ्या पायाचं कमी आणि देवाचं जास्त ऐकायचा. मी गप बाहेर यायचो.

मला त्यांनी नावानं हाक कधीच नाय मारली. "काय खाजगी, आज किती लोकं टपावर?" असं विचारायचे. पुढं जीप गेली, मी छोटा टेम्पो घेतला, साहेब रिटायर झाले, आमचं वैर संपलं. पण मी खाजगीच राहिलो. आता तर बायको पण भांडण झालं की खाजगीच म्हणती.

साहेब उंच, सुकलेल्या शेवग्यासारखे. रिटायर झाल्यावर पण खाकी पँट आणि खिशात शिट्टी. सगळं जग त्यांना स्टँडसारखं दिसायचं. जेवायला बसले की काकूंना विचारायचे, "भाकरी किती वाजता सुटणार?" काकू पण तयारीच्या. म्हणायच्या, "पीठ लागलंय फलाटावर, गडबड करू नका." आजारी माणसाला भेटायला गेले तर, "काही नाही, जरा उशिरानं धावतोय," एवढंच बोलायचे आणि माणूस हसून उठून बसायचा. मी एकदा तसंच बोलायला गेलो माझ्या सासऱ्याला. त्यांनी अजून बोलणं टाकलंय.

तर साहेबांनी पुढं गावात एक संग्रहालय काढलं, त्याची सुरवात झाली ती स्टँडवरच. एक कुटुंब गाव सोडून शहरात फ्लॅटमध्ये राहायला निघालं होतं. पेट्या, गाद्या, पंखा, आणि एक दगडी जातं. कंडक्टर म्हणला, दगड गाडीत घेणार नाय. नवरा म्हणला, राहू दे. बाई गाडी वळेपर्यंत खिडकीतून मागं बघत होती. गाडी गेली. जातं राहिलं फलाट तीनवर.

साहेबांनी माईक घेतला. "फलाट क्रमांक तीनवर एक जातं आहे. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं." सगळा स्टँड हसला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मला राहवलं नाय. मी खिडकीत जाऊन म्हणलो, "साहेब, त्याला विचारा ना कुठं जायचंय, मी सोडतो. एक सीट रिकामी हाय."

साहेब हसले नाय. म्हणले, "त्याला कुठंच जायचं नव्हतं रे. तीच तर अडचण आहे."

माझा विनोद मेला तिथंच. पण लोकांना एक गोष्ट कळली, की टाकवत नाय आणि ठेववत पण नाय अशी वस्तू साहेबांच्या खिडकीखाली ठेवली तर साहेब ती हाकलत नाय. हाकलायचे ते फक्त मला. मंग कोणी पाटा-वरवंटा आणला, कोणी पाणी तापवायचा बंब, कोणी धान्य मोजायची पायली. कांदा लावणाऱ्या एकानं बैलाची, पेरणीची पाभर आणली. बुद्धविहारापाशी राहणाऱ्या एका मास्तरांनी वडिलांचा जलशातला डफ आणला. म्हणले, "घरी पोरं त्याच्यावर मोबाईल ठेवतात हो."

साहेब रिटायर झाले तवा हा सगळा पसारा स्टँडशेजारच्या जुन्या जकात नाक्यात गेला. जकात बंद झाल्यापासून तिथं शेळ्या बसायच्या. नगरपरिषदेतल्या कोणीतरी तोंडी सांगितलं, बसा. साहेबांनी शेळ्यांना रीतसर शिट्टी मारून बाहेर काढलं आणि पाटी लावली, ‘गावचं संग्रहालय’.

प्रत्येक वस्तूला एक कार्ड. ते पण एसटीच्या भाषेत. बंबाचं कार्ड मला पाठ हाय. ‘स्थानक: न्हाणीघर. फेरी: रोज पहाटे. शेवटची फेरी: गीझर आला त्या दिवशी.’ लोक वाचून हसायचे, आणि मंग हळूच गप व्हायचे. मी वाचायला जरा हळू हाय, त्यामुळं सगळे गप झाल्यावर मी एकटा हसायचो.

आता खरी गंमत. आमच्याकडं लग्नात हळद जात्यावर दळायला लागती. सुपारी बांधायची, सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा. पण जातं हाय कोणाच्या घरात? एका लग्नात तर मिक्सरला सुपारी बांधलेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीय. पाची बायकांनी मिळून एक बटण दाबलं. मंग एक दिवस एका नवरीचा बाप साहेबांकडं आला, टोपी हातात घेऊन. "साहेब, जातं दोन दिवस मिळंल का?"

मला वाटलं, साहेब त्याला पण ब्रेक विचारतात आता. पण साहेब म्हणले, "न्या की. डेपोत उभी राहिलेली गाडी आणि घरी बसलेला कंट्रोलर, दोघंही गंजतात."

जातं गेलं. त्या जागी साहेबांनी पाटी ठेवली, ‘जातं कामावर गेलं आहे’.

तवापासून तोच रिवाज पडला. मुसळ लग्नाला, पाटा वास्तुशांतीला, डफ जयंतीला. चातुर्मासात लग्नं नसतात, तवा खोली कशी भरलेली. आणि लग्नसराईत नुसत्या पाट्या. एकदा पुण्याचं एक जोडपं आलं ऐन वैशाखात. सगळ्या पाट्या फिरून बघितल्या आणि मला विचारलं, "इथं बघायचं काय?" मी म्हणलो, "पाट्याच बघा, साहेबांचं अक्षर चांगलं हाय." साहेबांनी त्यांना जात्याचा पत्ता दिला. दोघं जातं बघायला गेले ते पंक्तीत जेवून, आहेराचा टॉवेल घेऊन परत आले. अजून दर वर्षी फोन करतात, यंदा जातं कोणाकडं म्हणून.

ने-आण करायला माझा टेम्पो. एकदा जातं उतरवताना मी एका हातानं फोनवर बोलत होतो. बायकोला सांगत होतो की मी किती जबाबदारीचं काम करतोय. तेवढ्यात वरची तळी निसटली आणि काठाचा मोठा टवका उडाला. मी घामाघूम. साहेबांनी टवका उचलला, फुंकर मारली, खिशात ठेवला. ओरडले नाय. दुसऱ्या दिवशी कार्डावर एक ओळ वाढली होती: ‘टवका: खाजगी वाहतुकीमुळे.’

"साहेब, हे लोकं वाचतील ना!"

"वाचण्यासाठीच लिहिलंय."

पण साहेबांच्या मनाला एक घोर होता. खोलीचा कागद नव्हता. छत गळायचं. पावसाळ्यात ते स्वतःवर नाय, डफावर छत्री धरून बसायचे. जो नवीन मुख्याधिकारी येईल, तो खोलीकडं बघून म्हणायचा, इथं दुकानाचे गाळे काय झकास होतील. साहेब मला म्हणायचे, "मी आहे तोवर ठीक आहे. माझ्यामागं हे सगळं परत फलाटावर येईल. याला पक्कं स्थानक मिळालं, की मी सुटलो." हे बोलताना त्यांचा आवाज माईकवाला नसायचा. त्यामुळं मी पण विनोद करायचो नाय. आला तरी गिळायचो.

आणि मंग एक मुख्याधिकारी असा आला की त्यानं ऐकून घेतलं. म्हणला, नाशिकहून पाहणीला कमिटी बोलवू. त्यांनी पास केलं तर खोली कायमची, छत नवीन, वर काचेची कपाटं. साहेब त्या दिवशी भर बाजारात शिट्टी वाजवत चालले. दोन रिक्षा थांबल्या.

पण कमिटी येणार कधी? तर वैशाखात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी एका कांदेवाल्याच्या पोरीची हळद, जातं-मुसळ-पाटा महिनाभर आधी कबूल केलेलं. साहेब रात्रभर झोपले नसतील. सकाळी मला म्हणले, "खाजगी, उद्या एकही वस्तू मार्गावर नको. त्यांच्या घरी जा. हात जोडून सांग की या वेळी जमणार नाही."

मी गेलो. नवरीच्या आईनं बसायला चटई टाकली, गरम भजी पुढं ठेवली. म्हणली, "भाऊ, जात्याला अक्षत द्यायला उद्या मीच येती. पोरीनं सांगितलंय, मिक्सर नको म्हणून." मी हात जोडणार, तर हातात भजं. बोलणार, तर तोंडात भजं. तुम्ही पण करून बघा, तोंडात भजं असताना नाय म्हणता येत नाय. भजं गिळल्यावर माझ्या तोंडून निघालं, "उद्या टेम्पो घेऊनच येतो."

साहेबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाय.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. एक मॅडम, दोन सर, बरोबर मुख्याधिकारी. साहेबांनी इस्त्रीची खाकी घातलेली. सगळ्या वस्तू जागेवर. मॅडम चांगल्या होत्या, एकेक कार्ड वाचत, हसत, लिहून घेत. जात्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"‘खाजगी वाहतुकीमुळे’ म्हणजे?"

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. मी नमस्कार केला. एखाद्या संग्रहालयात मेलेल्या राजाचं नाव असतं, इथं माझं. मंग मला वाटलं आपण पण काहीतरी मदत केली पाहिजे. मी म्हणलो, "मॅडम, ते एकदाच झालं. तसं इथून कायपण कधीच बाहेर जात नाय."

तेवढ्यात दारात नवरीची आई. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी. मागं दोन बायका. "भाऊ, टेम्पो कुठंय तुझा? जात्याला बोलवायला आलो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं, गळतं कुठं कुठं ते नीट दिसलं मला त्या दिवशी.

मॅडमनी सगळं समजून घेतलं. रागावल्या नाय. उलट म्हणल्या, "आजोबा, फार सुंदर काम आहे तुमचं. आमची शिफारस नक्की होईल. फक्त एवढी हमी लिहून द्या, की वस्तू आता इमारतीबाहेर जाणार नाहीत. बघा ना, टवका उडालाच आहे. आणखी दहा वर्षांनी काय उरेल?"

खोटं नव्हतं त्यात काय. टवका उडवणारा मी समोरच उभा होतो. मुख्याधिकाऱ्यांनी टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी पेन काढलं. नवरीची आई ताट घेऊन दाराच्या बाजूला सरकली. म्हणली, "साहेब, तुम्ही कामात हायेत, आम्ही थांबतो बाहेर. हळद संध्याकाळी हाय."

पेन कागदाच्या वर. मी मनात म्हणत होतो, साहेब, करा सही, पोरीचं लग्न मिक्सरवर पण लागतंय. पक्कं स्थानक मिळतंय तुम्हाला.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, काम करू शकते पण बाहेर सोडत नाहीत, अशा वस्तूला तुमच्यात काय म्हणतात?"

मॅडम म्हणल्या, "जतन केलेली वस्तू."

"आमच्यात तिला ब्रेकडाऊन म्हणतात," साहेब म्हणले, आणि पेनाला टोपण लावलं.

मुख्याधिकारी बिचारे दोन्हीकडून अडकले. "साहेब, मग मला खोली ठेवता येणार नाही. गाळ्यांचा ठराव तयार आहे. महिनाभरात..."

"महिना कशाला? गाडी उभी आहे."

मी म्हणलो, "साहेब, कोणती गाडी?"

"तुझी."

तासाभरात खोली रिकामी. बंब, पाभर, पायली, डफ, सगळं माझ्या टेम्पोत. एक सर घड्याळ बघत बाहेर उभे राहिले, पण मॅडम स्वतः दोन कंदील उचलून घेऊन आल्या. म्हणल्या, "नियम मी केलेले नाहीत हो." साहेब म्हणले, "माहीत आहे. मीही आयुष्यभर दुसऱ्याच्याच वेळापत्रकावर गाड्या सोडल्या." मंग त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, चावी मुख्याधिकाऱ्यांना दिली. दोन पावलं गेले आणि परत येऊन कुलूप ओढून बघितलं. रिकाम्या खोलीचं. मी टेम्पो उगाच चालू केला, आवाज असलेला बरा.

"हे सगळं आता कुठं न्यायचं साहेब?"

"आधी जातं पोहोचव. वेळ झाली."

आता माझा आळस बघा. शहाणा माणूस बाकीचं सामान कुठंतरी उतरवून मंग जातं घेऊन गेला असता. मला दोनदा माल चढवायचा कंटाळा. मी भरलेला टेम्पो तसाच नेऊन मंगल कार्यालयाच्या दारात लावला. म्हणलं जातं-मुसळ-पाटा काढू, बाकी राहू दे, आणि गेलो मंडपात, जेवणाची सोय बघायला.

बाहेर आलो तर टेम्पोभोवती सगळं वऱ्हाड. एक म्हातारी पायली हातात घेऊन नाचवत होती. "अगं, ही आमच्या आत्याची! तळाला डाग बघ!" एक बाप्या पाभरीच्या चाड्यात मूठ धरून पोराला दाखवत होता, बी असं सोडायचं, मूठ अशी ढिली ठेवायची. कोणी बंब खाली घेतला, कोणी कंदील. कोणी सांगितलं नाय, बोलवलं नाय, सगळे आपापली ओळख निघंल तसं उतरवत होते आणि जेवणाच्या हॉलच्या भिंतीला ओळीनं लावत होते. साहेब टेम्पोच्या बाजूला उभे. एक हात खिशात, शिट्टीवर. आता वाजवतात, आता सगळ्यांना हाकलतात, असं मला वाटलं. पण त्यांनी वाजवली नाय. आत बायका दळायला बसल्या, जात्याची घरघर बाहेर यायला लागली, आणि साहेबांनी खिशातला हात काढून फक्त डोळे पुसले. धूळ फार होती तिथं, हे पण खरं.

कार्यालयाचे मालक आण्णा, माणूस हिशोबी. रात्री भिंतीकडं बघत म्हणले, "साहेब, माझ्याकडं एसी नाय, डीजे नाय. म्हणून लोकं हायवेवरच्या हॉलला जातात. हे राहू द्या इथंच. हळद असली की कामाला, नसली की भिंतीला."

साहेब म्हणले, "हमी लिहून द्यावी लागेल?"

आण्णा म्हणले, "कशाची?"

तवापासून संग्रहालय कार्यालयात हाय. जकात नाक्यात महिन्याला जेवढी माणसं यायची नाय, तेवढी आता एका पंक्तीला येतात. भाताची वाट बघता बघता कार्ड वाचतात. घरी गेल्यावर माळ्यावरचं काहीबाही काढून आणतात. भिंत पुरंना म्हणून आण्णांनी वर फळ्या मारल्या. छत गळत नाय.

एक भानगड मात्र झाली. त्या दिवशी वऱ्हाडानं टेम्पो उतरवला तो सगळाच उतरवला. त्यात माझा जॅक पण गेला, बंब आणि पाट्याच्या मधी जाऊन बसला. मी घ्यायला गेलो तवा साहेबांनी कार्ड लावून टाकलेलं: ‘जॅक. चालू स्थितीत. मालक: तोही.’ लहान पोरं वाकून बघत होती. माझी वस्तू कोणी वाकून बघायची ही पहिलीच वेळ. मी म्हणलो, राहू दे.

आता ह्या उन्हाळ्यात देवळ्याच्या रस्त्याला टेम्पो पंक्चर. स्टेपनी हाय, जॅक नाय. साहेबांना फोन लावला. "साहेब, जॅक पाहिजे होता."

"कशासाठी?"

"टेम्पोसाठी साहेब! रस्त्यात उभा हाय मी."

"परत कधी आणणार?"

"साहेब, माझाच हाय तो!"

"ते कार्डावर लिहिलेलं आहे. तारीख विचारतोय मी."

दीड तासानं एसटी थांबली. साहेब उतरले, मांडीवरचं बाळ घ्यावं तसा टॉवेलात गुंडाळलेला जॅक दोन्ही हातांत. त्याचं लगेजचं तिकीट काढलेलं, ते मला दाखवलं. मी चाक बदललं, तोवर ते रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभे. काम झाल्यावर जॅक उलटासुलटा करून बघितला, टवका नाय ना म्हणून, आणि परत टॉवेलात बांधला.

मी म्हणलो, "बसा साहेब, सोडतो कार्यालयापर्यंत. जॅक पण येतो आपल्याबरोबर."

त्यांनी माझ्या टेम्पोकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुझ्याबरोबर आला तर तो तुझ्याच टेम्पोत राहील. तू ये मागनं."

परतीची एसटी आली. साहेब चढले, खिडकीजवळ बसले, जॅक मांडीवर. गाडी रिकामी होती, हळू चालली होती, रस्ता पण मोकळा होता. पण पार गाव येईपर्यंत मी तिला ओव्हरटेक केलं नाय.